जव्हारचा घाट चढून आलेला चिखल

खाडीत सांडपाणी मुरतंय का, हे चिखलातल्या फोरॅमिनिफेरांवरून (कवच असलेले सूक्ष्म, एकपेशीय जीव) ताडता येतं. त्यासाठी डहाणूच्या खाडीतला चिखल नाशिकला आणायचा तर बाटल्या भरण्याचं काम तिथेच, ओहोटीला उरका. फक्त वरचा 1 सेंमी थर घ्या; खाली बहुतेक मेलेली कवचं. एका जागेचे 3 नमुने हवेतच. लगेच 70 टक्क्यांहून तीव्र इथेनॉल, त्यात लिटरला 2 ग्रॅम रोझ बेंगॉल, म्हणजे कवचातलं जिवंत द्रव्य रंगवणारा गुलाबी रंग. बाटली हळू उलटीपालटी करा, मग किमान 14 दिवस ठेवून द्या. झाकणाला टेप लावा, नाहीतर जव्हारच्या वळणांत गाडीची डिकी गुलाबी होते.

पुढे चाळणी: वर 125 मायक्रॉनची, खाली 63 ची. नळ बारीक सोडा. चिखल बोटाने चोळला की नाजूक कवचं फुटलीच. चुनखडीचं कवच आम्लात विरघळतं, त्यामुळे टिकवायला साधं, आम्लधर्मी फॉर्मॅलिन नकोच. वाळवणं 50 अंशांखाली.

सूक्ष्मदर्शकाखाली ‘अमोनिया’ (वायूशी संबंध नाही, फोरॅमिनिफेरातली ही प्रजाती) गोगलगाईसारखी वेटोळी दिसते. कप्पे गडद गुलाबी असतील तरच जिवंत धरा. फिकट दिसली ती सोडा, कारण मेल्यावरही आतलं द्रव्य कित्येक आठवडे रंग पकडतं. असे 300 मोजा. इतर जाती घटून अमोनियाच माजली असेल तर सांडपाण्याचा संशय घ्या. पण खारटपणा सतत बदलणाऱ्या खाडीतही तीच टिकते, म्हणून क्षारता आणि सेंद्रिय कार्बन मोजल्याशिवाय निकाल देऊ नका.

गोदावरीच्या गोड्या पाण्यासाठी ही पद्धत नाही. तिथे कीटकांच्या अळ्यांसारखे जीव मोजतात.