तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रायव्हरमधला तो शिकागो

ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखं यंत्र विंडोजशी जोडून देणारा छोटा प्रोग्राम, हाताने बसवायची वेळ आली की मी मुलांना आधी त्यातली आयएनएफ फाइल (तो कसा बसवायचा याच्या सूचनांची) नोटपॅडमध्ये उघडायला लावतो. वरच्या दोन-चार ओळींतच पुष्कळदा डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये एक शब्द दिसतो: शिकागो. अमळनेर-पारोळ्याकडची मुलं सरळ विचारतात, "सर, हाई काय शे?" जळगावच्या गोलाणी मार्केटात लॅपटॉप दुरुस्त व्हायची वाट बघत बसलेलं गिऱ्हाईकही मान पुढे काढून ऐकतं. विंडोज ९५ तयार होत होतं तेव्हाचं त्याचं हे नाव, एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. शेवटी ९५च म्हणायचं होतं तर आधी शिकागो कशाला? गुपित ठेवायला का?

तोंडी उत्तर नेहमी अर्धवट राहतं, कारण तेवढ्यात कोणाचा तरी प्रिंटर अडकतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

गुपितासाठी नाही. संगणकाची मासिकं वाचणाऱ्या प्रत्येकाला शिकागो हे नाव विंडोज ९५ येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. ॲपलने तर आपल्या मॅक संगणकांच्या १९९४ च्या सिस्टीम ७.५ ला आतल्या आत 'कपोन' म्हणायला घेतलं. अल कपोन हा अख्ख्या शिकागो शहराला धाकात ठेवणारा गुंड. समोरच्याने ज्यावर विनोद रचावा, ते गुपित कसलं?

खरी अडचण अशी की काम सुरू होतं तेव्हा नाव देण्याइतकं काहीच ठरलेलं नसतं. ही गोष्ट २४ ऑगस्ट १९९५ ला बाजारात येईल हे पहिली ओळ लिहिणाऱ्याला कुठून कळणार? विंडोज ९४ अशी पाटी आधीच रंगवली असती तर पुढे ती खोडत बसावं लागलं असतं. आणि नावावाचून तर एक दिवस चालत नाही. फोल्डरला, चाचणीच्या यादीला, बैठकीच्या कागदाला काहीतरी म्हणावंच लागतं. मग असं नाव घ्यायचं की ज्यातून साल कळत नाही, आकडा कळत नाही, कसलंही वचन दिलं जात नाही. आतलं नाव जितकं निरर्थक तितकं कामाचं, असं माझं मत आहे.

आपल्याकडे हे समजवायला मला एकच उदाहरण लागतं. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा भुईमुगाचा वाण आहे, जेएल-२४. जेएल म्हणजे जळगाव, पुढे निवडीचा नंबर. वाण प्रसारित झाला तेव्हा त्याला 'फुले प्रगती' असं छान नाव मिळालं. पण बियाण्याच्या दुकानात 'फुले प्रगती द्या' म्हणणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही, सगळे जेएल चोवीसच म्हणतात. तोच वाण आफ्रिकेत मलावीला गेला आणि तिथे 'काकोमा' झाला, तरी शास्त्रज्ञांच्या कागदांत जेएल-२४ कायम आहे. कामाच्या दिवसांतलं नाव असंच चिकटतं. शिकागोचंही तेच झालं. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी तो शब्द आपापल्या फायलींत घातला, आणि आजचं विंडोजसुद्धा तो चालवून घेतं.

नंबर आधीच लावून ठेवला तर काय होतं, ते डेबियनवाल्यांनी भोगलंय. डेबियन म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम, जिच्यावर पुढे उबुंटू ही दुसरी लिनक्स उभी राहिली. १९९५ च्या शेवटी तिची १.० तयार होत होती आणि सर्व्हरवरच्या फोल्डरला नावही तसंच होतं. एका सीडी विकणाऱ्या कंपनीने ते अर्धंकच्चं फोल्डर उचललं आणि डेबियन १.० म्हणून विकायला काढलं. बिचाऱ्यांना तो आकडाच सोडून द्यावा लागला. १९९६ मध्ये आली ती थेट १.१, आणि तिचं नाव 'बझ'. तेव्हाचे त्यांचे प्रमुख ब्रूस पेरेन्स हे 'टॉय स्टोरी' हा सिनेमा काढणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होते, म्हणून नावं त्यातल्या खेळण्यांची. ती परंपरा अजून चालू आहे, २०२३ ची १२ नंबरची आवृत्ती 'बुकवर्म' आहे.

यातली तांत्रिक खुबी मला फार आवडते. फोल्डरचं नाव बझ ते बझच राहतं. आवृत्ती पक्की झाली की 'स्टेबल' नावाची एक खूण फक्त त्या फोल्डरकडे वळवायची. जगभर ज्या सर्व्हरांवर त्याच्या नकला असतात त्यांना काहीच नव्याने उतरवून घ्यावं लागत नाही. नाव बदललं असतं तर सगळ्यांना सगळं पुन्हा ओढायला लागलं असतं, आणि ते दिवस टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेटचे होते. कायम कच्च्या राहणाऱ्या शाखेचं नाव आहे 'सिड', म्हणजे सिनेमात खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. याहून नेमकं नाव मला सुचणार नाही.

आता लाँगहॉर्न. हा किस्सा सांगताना माझा चहा हमखास गार होतो. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये व्हिसलर आणि ब्लॅककोम्ब असे दोन डोंगर शेजारी शेजारी आहेत, लोक बर्फावर घसरायला जातात. विंडोज एक्सपीचं आतलं नाव होतं व्हिसलर, आणि त्यानंतरची मोठी उडी म्हणजे ब्लॅककोम्ब. मध्ये एक छोटीशी आवृत्ती काढू असं ठरलं, तर तिला नाव दिलं लाँगहॉर्न. लाँगहॉर्न हा व्हिसलरच्या पायथ्याचा बार! एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाताना घटकाभर टेकायची जागा. झालं भलतंच. ब्लॅककोम्बसाठी राखलेल्या कल्पना एकेक करून लाँगहॉर्नच्या गळ्यात पडल्या. फायली साठवायची नवी पद्धत, नवं रूप, नवं सगळं. २००४ च्या ऑगस्टमध्ये बरंचसं काम बाजूला ठेवून विंडोज सर्व्हर २००३ च्या पायावर पुन्हा मांडणी करावी लागली आणि ती नवी साठवण गाळावी लागली. एक्सपी ऑक्टोबर २००१ चं, आणि लाँगहॉर्न विंडोज व्हिस्टा बनून लोकांच्या हाती पडलं ३० जानेवारी २००७ ला. दोन घोट घ्यायला थांबले आणि मुक्कामच ठोकला. ब्लॅककोम्बचं पुढे व्हिएन्ना झालं आणि शेवटी २००९ मध्ये साधं विंडोज सात. एवढी नावं फिरवून अखेर आकड्यावर यावं, याचं मला हसू येतं.

आतल्या नावाने कधी कधी कोर्टही दाखवलंय. ही ऑपरेटिंग सिस्टीमची नाही, मशीनची गोष्ट, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ॲपलच्या १९९४ च्या एका मॅक संगणकाचं आतलं नाव होतं कार्ल सेगन, एका नामांकित खगोलशास्त्रज्ञाचं. त्याच्या भावंडांची नावं एका गाजलेल्या बनावट कवटीवरून आणि एका फसलेल्या वैज्ञानिक दाव्यावरून. नाव फुटलं, सेगन चिडले, तेव्हा इंजिनिअरांनी ते बदलून तीन अक्षरं ठेवली, ज्यांचा अर्थ 'मठ्ठ खगोलशास्त्रज्ञ' असा निघत होता. सेगन कोर्टात गेले आणि हरले. तरी नाव पुन्हा बदललं, यावेळी अर्थ होता 'वकील भित्रे'.

काही कंपन्या आतलं नाव सरळ दुकानात मांडतात. ॲपलच्या मॅक ओएस टेनची पहिली आवृत्ती आत चित्ता होती (चाल मात्र संथ असल्याची बोंब तेव्हाच झाली होती), दुसरी प्यूमा, आणि २००२ ची जॅग्वार थेट खोक्यावर झळकली. अँड्रॉइडने तर मिठाईचं दुकानच उघडलं. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने कपकेक, डोनट करत मार्शमॅलोपर्यंत आले. मार्शमॅलो आमच्याकडे कोणी चाखलेला नव्हता, पण मोबाइलमध्ये सगळ्यांच्या होता. पुढच्या 'एन'साठी केरळच्या लोकांनी नेय्यप्पम या आपल्या गोड पदार्थाचा धोशा लावला होता. 'एम'च्या वेळी आपल्या खानदेशातून पुरणाच्या मांड्यांचं नाव कोणी लावून धरलं नाही, ही खंत मला अजून आहे. २०१९ मध्ये गुगलने खोक्यावरची मिठाई बंद केली, कारण ही नावं जगात सगळीकडे समजत नव्हती. आत मात्र पदार्थ चालूच आहेत. जाहिरातीत गेलं की ते आतलं नाव उरत नाही, तो ब्रँड होतो, आणि मग त्यालाही वकील लागतात.

विंडोजवाले अलीकडे मूलद्रव्यांकडे वळलेत. आणि ते तुम्हाला घरच्या घरी बघता येईल. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत regedit लिहून रेजएडिट उघडा; विंडोजच्या सेटिंगांची वही, म्हणजे रेजिस्ट्री, त्यात दिसते. लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन असं आत जा आणि 'बिल्डलॅबईएक्स' ही नोंद शोधा. विंडोज १० ची शेवटची काही वर्षं वापरात असलेली आवृत्ती असेल तर त्या लांबलचक ओळीत 'व्हीबी रिलीज' सापडेल. व्हीबी म्हणजे व्हायब्रेनियम. हा धातू फक्त मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये मिळतो. विंडोज ११ ची २४एच२ (२०२४ च्या उत्तरार्धातली आवृत्ती) असेल तर 'जीई', म्हणजे जर्मेनियम, आणि हे मूलद्रव्य खरं आहे. नोंद नुसती वाचा, बदलू नका. रेजिस्ट्रीत हात घालून बिघडवलेले लॅपटॉप माझ्याकडे दुरुस्तीला आधीच रांगेत आहेत.