बोट लागू नये, आणि चुकूही नये

दहा-पंधरा दिवसांच्या क्रूझचं बुकिंग झालं की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बोट लागेल का हो?" ते बरंचसं खोली कुठली घेतली यावर आहे. गगनबावड्याचा घाट उतरताना एसटीच्या मागच्या सीटवर बसलेल्याला जितकं मळमळतं, तितकं मधल्या सीटवरच्याला मळमळत नाही. जहाजाचं तसंच. दोन्ही टोकं वर-खाली जास्त होतात, वरचे मजले जास्त झुलतात. म्हणून पहिल्या खेपेला खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. बाल्कनी हवीच असेल तर तीही मध्यावरचीच.

मळमळ का होते? कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग हलतंय म्हणून सांगत असतो आणि डोळ्यांना खोलीच्या भिंती स्थिर दिसतात. त्यामुळे अस्वस्थ वाटू लागलं की खोलीत पडून मोबाईल बघू नका. उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत उभं राहा. पोट रिकामं ठेवू नका. कोरडा टोस्ट, बिस्किटं, आलेपाकाची वडी चालते. अव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, ती आधी घ्यायची असते. तिनं गुंगी येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता कागदपत्रं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी. व्हिसात एक बारीक गोष्ट हमखास सुटते. जहाज सिंगापूरहून निघून मलेशिया-थायलंड करून पुन्हा सिंगापूरला येत असेल तर तुमचा सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश होतो. युरोपातही जहाज शेंगेन देशांबाहेरचं (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेरचं) बंदर करून परत येतं. तिथं एकाच प्रवेशाचा व्हिसा कामाचा नाही, मल्टिपल एन्ट्रीच लागतो. विमा काढताना बीपी-शुगर लपवू नका. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल बहुधा डॉलरमध्ये येतं, आणि पेशंटला हेलिकॉप्टरनं किनाऱ्यावर न्यावं लागलं तर तो खर्च विम्यात बसतो का, हे लेखी विचारून घ्या.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी मुंबईत उतरायचं आणि दुपारी बॅलार्ड पियरहून जहाज पकडायचं, हा बेत कागदावर बसतो. पण गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. चेक-इन सहसा जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं. परदेशातून जहाज पकडायचं असेल तर एक मुक्काम आधी पोहोचणं आम्ही सक्तीचंच मानतो.

बोट चुकते ती जास्त करून मधल्या बंदरांवर, आणि घड्याळामुळे. काही जहाजं प्रवासभर स्वतःचीच वेळ पाळतात, मोबाईल मात्र किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून आपोआप तासभर पुढे-मागे होतो. त्यासाठी साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. परत चढायची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, ती आणि जहाज कंपनीच्या बंदरावरच्या एजंटचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज बहुधा थांबतं. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी थांबत नाही.

समुद्रात फोन फ्लाइट मोडवरच हवा. नाहीतर तो जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि नेहमीचा रोमिंग पॅक तिथं बहुतेक वेळा चालत नाही. हजारोंचं बिल येतं ते असं.

चढताना मोठ्या बॅगा हमालाकडे जातात आणि खोलीत यायला संध्याकाळ होते. पासपोर्ट, औषधं, चष्मा, कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, किटली, पाणी तापवायची कॉइल तपासणीत काढून घेतात. घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. कांदा-लसूण चटणी विकतच्या सीलबंद पाकिटातली असेल तर बहुतेकदा चालते. मात्र ती पर्समध्ये टाकून बंदरावर उतरू नका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये न सांगता खाण्याचा जिन्नस नेला तर जबर दंड आहे. कोल्हापुरी चप्पल जेवणाच्या हॉलपुरती ठेवा. ओल्या डेकवर चामड्याचा तळ सटकतो, तिथं रबरी तळाचीच हवी.

सुरक्षा कवायत टाळू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं आणि ३२ जण गेले. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हा ती २४ तासांत घेतली तरी चालायची. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की आपल्या ठरलेल्या जागी जायचं. खोलीपासून तिथवरचा रस्ता पहिल्याच दिवशी जिन्यानं एकदा चालून या, आगीत लिफ्ट वापरता येत नाही.

हात साबणानंच धुवा. जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांपुढे सॅनिटायझर पुरा पडत नाही. संडासात कागदाशिवाय काही टाकू नका. तो हवेनं खेचणारा असतो, एका ठिकाणी तुंबला की शेजारच्या चार खोल्यांचाही बंद पडतो.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला आणि सकाळच्या गोळ्या बाहेर काढल्यात ना, ते एकदा बघून घ्या.