मग डोस का वाढवत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

मी औषधांच्या फॉर्म्युलेशनवर, म्हणजे औषध कोणत्या रूपात द्यायचं यावर, काम करते म्हटलं की लिव्हर कॅन्सरच्या पेशंटच्या घरचे हमखास विचारतात, "गोळी पोटात नीट विरघळत नाही म्हणता, मग सरळ डोस का वाढवत नाही?"

सोराफेनिबचंच घ्या. 2007 पासून लिव्हर कॅन्सरसाठी वापरतात, नेहमीचा डोस 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि विरघळलंच नाही तर आतड्यातून रक्तात जाणार कसं, बरंचसं तसंच संडासवाटे बाहेर पडतं. या डोसच्या वर गेलं तरी रक्तातलं प्रमाण त्या हिशेबाने वाढत नाही. आणि जे रक्तात पोचतं ते काही फक्त गाठीकडे जात नाही, तळहात-तळपाय लाल होतात, सोलवटतात, पायात चप्पलही घालवत नाही, वर जुलाब. अशा माणसाला आणखी गोळ्या कोणत्या तोंडाने द्यायच्या?

म्हणून आमची खटपट आहे ती असलेलंच औषध विरघळवायची. कण बारीक करायचे, खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते ना, तसं. किंवा औषधाचे स्फटिक मोडून ते पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थात, अडकवायचं. टेस्टच्या भांड्यात, 37 डिग्रीला, आधी सगळं नितळ दिसतं, वाटतं जमलं बुवा, आणि मग बघता बघता पाणी गढूळ व्हायला लागतं, म्हणजे औषध परत खाली बसायला लागलं. पॉलिमरने ते धरून ठेवायला हवं, आणि नुसतं भांड्यात नाही, 40 डिग्री आणि 75 टक्के दमटपणात महिनोन्महिने ठेवलेल्या गोळीतसुद्धा, कारण दमट हवेत हे स्फटिक परत तयार व्हायला बघतात.

नॅनोकणांबद्दलही, म्हणजे औषध भरलेल्या अतिसूक्ष्म कणांबद्दलही, विचारतात. काम चांगलं चाललंय, पण शिरेतून दिलेले बरेचसे नॅनोकण लिव्हरमधल्या कुप्फर पेशी, म्हणजे बाहेरचे कण टिपणाऱ्या संरक्षक पेशीच, गिळून टाकतात, गाठीपर्यंत थोडेच जातात. मला स्वतःला घरी घेता येईल अशी साधी, स्वस्त गोळी जास्त महत्त्वाची वाटते. 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट ऑफिसने नॅटको या भारतीय कंपनीला सोराफेनिब बनवायची सक्तीची परवानगी, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीच्या संमतीशिवायची परवानगी, दिली, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे 2,80,000 वरून 8,880 रुपयांवर आला. नवं तंत्र आणून तो परत लाखात नेला तर पेशंटच्या काय कामाचं?

तोवर एवढं नक्की करा, गोळी जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी द्या, तेलातुपाच्या जेवणाबरोबर ती आणखी कमी शोषली जाते, आणि हातापायांची आग व्हायला लागली तर डोस आपल्या मनाने कमीजास्त न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.