फक्त चहाच घेतलाय

आमची फिरत्या लॅबची पांढरी गाडी शाळेच्या पटांगणात लागली की पहिला प्रश्न ठरलेला: "फुकट तपासणी हाय का?" फुकट आहे, पण हे शिबिर नाही, हे समजावण्यात आशाताईंची अर्धी सकाळ जाते. आम्ही संशोधनासाठी रक्त आणि लघवीचे नमुने घेतो. रिपोर्ट देतो, गोळ्या नाही. काही आज्या एवढं ऐकूनच माघारी वळतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

मी लॅब टेक्निशियन. गाडी मिळण्याआधी आम्ही अंगणवाडीत, देवळाच्या ओट्यावर, जागा मिळेल तिथे रक्त काढायचो आणि डबा मोटरसायकलला बांधून तालुक्याला धाडायचो. आता, नळीत आलेल्या रक्तातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, बाहेरच्या हवेत, तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. म्हणजे लांबच्या वाडीवर मधुमेह कमी, असा शोध लागायचा, आणि खरं कारण घाटाचा रस्ता! करड्या टोपणाच्या नळीत फ्लोराइड असतं, पण तेही पहिला तास-दोन तास पेशींना पुरतं रोखत नाही. बरं, सगळंच बर्फात ठेवावं, तर सेंट्रीफ्यूजमध्ये (नळी गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या मशीनमध्ये) न फिरवलेल्या थंड रक्तात पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. म्हणून सेंट्रीफ्यूजच गावात न्यायचं.

ते ऐकायला सोपं वाटतं. पटांगण सपाट कधीच नसतं, आणि गाडी जरा कलली की मशीन थरथरायला लागतं. आमचे ड्रायव्हर मामा गवंड्याची पाणसळ घेऊन येतात. चारही जॅक फिरवत, बुडबुडा मधोमध येईपर्यंत कुणाला आत चढू देत नाहीत. मग एसी, मग जनरेटर, मग आम्ही. आत आलेल्या माणसाला आधी पंधरा मिनिटं खुर्चीत बसवायचं, कारण उभ्याचं रक्त आणि बसल्याचं रक्त यांच्या आकड्यांत फरक पडतो. दंडाचा पट्टा मिनिटाच्या आत सोडायचा. नळ्यांचा क्रमही ठरलेला, लाल आधी, जांभळी नंतर. जांभळीतल्या औषधाचा अंश लालमध्ये गेला, तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं उतरतं.

एवढा सोवळेपणा कशाला, असं नवीन पोरं विचारतात. त्यांना मी रक्तक्षयाचे आकडे दाखवते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोट टोचून तपासलं, तेव्हा पाच वर्षांखालची ५८.६ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये मोजलं, तर १ ते ४ वर्षांच्या मुलांत आकडा ४१ च्या आसपास. वयोगट थोडा वेगळा होता, मान्य. पण बोट दाबून थेंब काढला की रक्तात अंगातलं पाणीही उतरतं आणि ते पातळ होतं, हे आम्हाला रोज दिसतं. अमेरिकेचं राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षण कितीतरी दशकं ट्रेलरमधली तपासणी केंद्रं गावोगाव फिरवतं, ते याचसाठी. जागा बदलली तरी खोली तीच.

खोली तीच, पण चहा? रक्त उपाशीपोटी हवं म्हणून "काही खाल्लंय का?" विचारलं की उत्तर "नाही". चहा हा आपल्याकडे खाण्यात धरत नाहीत. म्हणून मी आता विचारते, "उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?" मग एकेक निघतं. फक्त चहाच घेतलाय. बरं, सोबत अर्धं बिस्कीट. मिश्री तर लावलीच, ती काय खाणं आहे? आमच्या फॉर्मवर तंबाखूचा रकाना आहे, पण त्यात "नाही" लिहिलेल्या बायकांचे दात काळे असतात.

आणि सगळीकडे वेळ एकच हवी म्हणून आम्ही सात ते दहा बसतो. लावणीच्या दिवसांत बायका साडेसहाला शेतावर गेलेल्या असतात. नळीत येणारं रक्त निर्दोष, पण ते येतं घरी राहिलेल्यांचंच. मुक्काम करून पहाटे पाचला सुरू करू, असं मी मीटिंगमध्ये मांडलंय. मामा तयार आहेत. रात्रभर फ्रीजसाठी जनरेटर चालवायचा तर डिझेलचं बिल कोण पास करणार, तेवढं ठरायचंय.