काटा खाली येतो तेव्हा

थंडीतल्या सकाळी साताऱ्यातून निघताना ५० पौंडांवर (दर चौरस इंचाला) ताठ उभा असलेला ऑइल प्रेशरचा काटा यवतेश्वरचा घाट चढून जीप कडेला घेतली, की १५ पौंडांवर येऊन बसतो आणि शेजारच्या पाहुण्याचा चेहरा पडतो. जुनी पेट्रोल जीप बाळगणाऱ्याला मात्र खरी काळजी सकाळच्या ५० पौंडांची वाटायला हवी, कारण त्या वेळी ऑइल गारठून घट्ट झालेले असते, ते लांबच्या बेअरिंगपर्यंत अजून नीट पोहोचलेले नसते, आणि काट्यावर विसंबून इंजिन रेस करणारे नेमके याच क्षणी त्याची झीज करत असतात.

पंप दाब निर्माण करत नाही; तो फक्त ऑइल ढकलतो. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीतून ते ऑइल वाट काढताना जी अडवणूक होते, ती म्हणजे प्रेशर. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोर धरते, तसे. तापलेले ऑइल पातळ होऊन त्या फटीतून सहज निसटते, शिवाय गाडी उभी असताना पंपही मंद फिरतो, म्हणून काटा खाली येतो. मिनिटाला हजार फेऱ्यांमागे १० पौंड मिळाले तर जुन्या इंजिनाला पुष्कळ झाले, असा एक ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. तेच ऑइल, तोच वेग आणि तितकेच तापलेले इंजिन असताना काटा वर्षभरात हळूहळू उतरत गेला असेल, तर बेअरिंग झिजल्याची शंका घ्यावी. वळणावर तो क्षणभर कोसळून पुन्हा सावरत असेल, तर आधी डिपस्टिक पाहावी, कारण चेंबरमधले ऑइल कमी होऊन पंप हवा ओढत असण्याचा संभव असतो.

काटा वर चढवण्याच्या युक्त्याही आहेत. प्रेशर फार वाढले की उघडून जास्तीचे ऑइल परत सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालणे ही त्यांतली जुनी. तिने धावत्या गाडीचे प्रेशर वाढलेले दिसते खरे. पण उभ्या गाडीत, इंजिन तापलेले असताना, तो व्हॉल्व्ह मुळातच बंद असतो, तेव्हा जिथे दुखते तिथे हे औषध पोहोचतच नाही. विकायला काढलेल्या गाडीत घट्ट ऑइल भरणारे महाभाग निराळेच! म्हणून जुनी गाडी घेताना ती निदान अर्धा तास पळवून मगच मीटर वाचावा.

आणि मीटरवर तरी डोळे झाकून विश्वास का ठेवावा? फ्रान्सच्या यूजीन बूर्दों यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकडी नळीच त्याच्या पोटात असते. दाबाने ती किंचित सरळ होऊ पाहते आणि काटा हलवते. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी तिची यंत्रणा सैल होते, डॅशबोर्डमागची तांब्याची बारीक नळी चोंदते. काटा अचानक पडला तर इंजिन ताबडतोब बंद करावेच. पण ते खोलायला काढण्यापूर्वी मिस्त्रीकडचा खात्रीचा मीटर लावून एकदा पडताळा घ्यावा.