पन्नासावं इंजिन

जुन्या इंजिनाला रंग फासून स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभं केलेलं आपण सगळ्यांनीच पाहिलंय. पण ज्या वर्गातलं एकही इंजिन उरलेलं नाही, ते पहिल्या पत्र्यापासून नव्यानं घडवायचं? हा खटाटोप इंग्रजांनीच करावा!

तिथल्या ‘ए-वन’ वर्गाची ४९ वाफेची इंजिनं १९४८-४९ मध्ये बांधली गेली. डिझेल आलं आणि १९६६ पर्यंत सगळी मोडीत निघाली. १९९० मध्ये काही हौशी मंडळींनी ठरवलं, आपण एक बांधायचं. वर्गणीचा हिशेब तर झकास: आठवड्याला सव्वा पौंड, म्हणजे तेव्हाच्या एका ग्लास बिअरचे पैसे. अशी वर्गणी गोळा करत, देणगीदार गाठत, कर्ज काढत डार्लिंग्टनमध्ये अठरा वर्षांनी ‘टॉर्नेडो’ उभं राहिलं. खर्च सुमारे तीस लाख पौंड.

बॉयलर मात्र जर्मनीत, मायनिंगेनच्या कारखान्यात झाला. तोही रिव्हेट ठोकून नव्हे, वेल्डिंगचा. टेंडरही, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबाही बदलला. पूर्वी रुळांच्या मधोमध पाण्याच्या लांबलचक पन्हळी असत. धावत्या गाडीतून फायरमन खाली नळीचं तोंड सोडायचा आणि वेगाच्या जोरावर पाणी आपसूक टाकीत चढायचं. आता त्या पन्हळीच नाहीत. म्हणून कोळशाची जागा कमी करून पाण्याची वाढवली.

मग ही अस्सल की नक्कल? काटेकोर मंडळी नाकं मुरडतात. मला बांधणाऱ्यांची युक्ती आवडली. जुन्या इंजिनांचे क्रमांक ६०१६२ ला संपले होते, यांनी नव्याला ६०१६३ दिला. बाकीची भावंडं गेल्यावर जन्मलेलं शेंडेफळ, पण घरातलंच.

आणि ते नुसतं मिरवायला नाही. डिसेंबर २००९ मध्ये बर्फामुळे लंडनच्या दक्षिणेकडच्या विजेच्या गाड्या कोलमडल्या, तेव्हा सहलीची गाडी ओढणाऱ्या टॉर्नेडोनं अडकलेल्या शंभरेक प्रवाशांना घरी पोचवलं. (विजेच्या गाडीला वाफेनं हात द्यायचा, ही मजा काही औरच.)

आता तीच मंडळी ‘पी-टू’ बांधताहेत. १९३४ ते १९३६ मधल्या त्या सहा इंजिनांचे क्रँक असलेले, म्हणजे मधे बाक दिलेले, चाकांचे आस मोडायचे. त्यांचे रचनाकार, मुख्य अभियंता ग्रेस्ली वारल्यावर पुढच्या मुख्य अभियंत्यानं सहाही इंजिनं दुसऱ्याच घडणीची करून टाकली. नव्या इंजिनासाठी आसाचा आराखडा संगणकावर तपासून सुधारलाय. ग्रेस्लींचं अर्धवट राहिलेलं काम आम्ही पुरं करतोय, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. मोडणारा आस जसाच्या तसा उतरवून काढण्यात कसली आलीय निष्ठा?