गाडीतली प्रथमोपचार पेटी आणि बामणोलीपलीकडचा रस्ता

गाडीबरोबर मिळालेल्या पेटीत कापूस, चार चिकटपट्ट्या आणि जंतुनाशकाची बाटली, एवढंच असतं. सातारा जिल्ह्यात कोयना जलाशयाच्या काठच्या बामणोलीपलीकडे कांदाटी खोऱ्यात किंवा पाटणहून कोयनेच्या अंगाला आत शिरणाऱ्याला ती पुरत नाही. पण पेटीपेक्षा मोठी अडचण म्हणजे खुद्द गाडी. ती हाताशी असली की लोक जखमीला उचलून सीटवर टाकतात आणि निघतात. मांडीतून भळाभळा वाहणारं रक्त दवाखाना येईपर्यंत वाट पाहत नाही. म्हणून प्रथमोपचाराचा सराव हॉलमध्ये कमी आणि गाडीपाशी, गुडघे टेकून जास्त करावा.

पहिला धडा रक्तस्रावाचा. हातमोजे घाला, जखमेवर गॉज ठेवा आणि तळहाताने पूर्ण वजन टाकून 10 मिनिटं दाबा. मध्येच उचलून बघायचं नाही, धरू लागलेली गुठळी सुटते. हातापायाची जखम खोल असेल तर गॉज बोटाने आत तळापर्यंत ठासून भरा आणि वरून दाबा. छाती-पोटाच्या जखमेत मात्र गॉज कोंबू नये.

तरीही हातापायातून रक्त उसळत असेल तर आवळपट्टा, म्हणजे टूर्निकेट. जखमेच्या 5 ते 7 सें.मी. वर, गुडघा किंवा कोपर सोडून. पट्टा निदान 4 सें.मी. रुंद हवा. सुतळी, नायलॉनची दोरी नको. ती कातडीत रुतते आणि रक्त थांबवत नाही. अर्धवट आवळलेला पट्टा तर न बांधलेल्यापेक्षा वाईट, कारण शिरा बंद होतात, धमनी चालूच राहते आणि रक्त वाढतं. त्रिकोणी पट्टीत दांडा घालून पीळ देता येतो, पण तिथे बॉलपेन तुटतं, जाड लाकूड घ्या. वेळ लिहून ठेवा, वाटेत सैल करू नका.

हाच पट्टा सर्पदंशाला बांधायचा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, काहीही असो. चिरणं, चोखणं, बर्फ लावणंही नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, तो अवयव फळी लावून हाडमोडीसारखा स्थिर करा, माणसाला चालू देऊ नका. सुजेच्या कडेवर पेनाने रेघ मारून वेळ टाका. मण्यारीचा दंश कधीकधी दिसतही नाही आणि दुखतही नाही. जमिनीवर झोपलेल्याला पहाटे पोटात कळ आणि पापण्या जड, एवढ्यावरूनच शंका घ्यावी.

आता गाडी. मधली सीट पाडून साडेपाच फुटी माणूस आडवा मावतो का, हे घरी अंगणात बघा. घोंगडीवर घेऊन डोक्याकडून सरकवावं, एकाने आतून ओढावं. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्याला डाव्या कुशीवर ठेवा, एकजण कायम तोंडापाशी बसलेला हवा. दरीत पडलेल्याची मान किंवा पाठ दुखत असेल आणि जागेवर धोका नसेल तर हलवू नका, 108 ला कळवा.

रेंज नसलेल्या ठिकाणी 112 दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, टॉवरच नसेल तर नाही. म्हणून शेवटची रेंज कुठे सुटली ते लिहून ठेवायची सवय लावा. बार्जने गाडी जलाशयापलीकडे नेत असाल तर शेवटच्या फेरीची वेळ आधीच विचारा. ती चुकली तर रस्त्याने किती तास लागतील, हेही त्याच कागदावर लिहा.